विश्लेषण : गाड्या वाढणार, पण उतरणार कोण? खान्देशातील रेल्वेगावांपुढे कोणता प्रश्न?

मुंबईहून नागपूर, हावडा किंवा दिल्लीकडे जाणाऱ्या प्रवाशाला भुसावळ माहीत असते ते फलाटावरच्या केळ्यांमुळे आणि चहामुळे. चाळीसगाव, पाचोरा, सावदा ही नावे खिडकीतून दिसतात आणि मागे पडतात. याच पट्ट्यातून जाणाऱ्या लोहमार्गांसाठी केंद्र सरकारने २०२४ आणि २०२५ मध्ये हजारो कोटींचे प्रकल्प मंजूर केले. दुसरीकडे पाचोरा-जामनेर ही शंभर वर्षांची छोटी गाडी मार्च २०२० पासून बंद आहे. रेल्वेनेच वाढवलेल्या या गावांना नव्या रेल्वेतून काय मिळणार, आणि त्यांच्याकडे प्रवाशाला दाखवण्यासारखे काय आहे?

नेमके काय बदलते आहे?

जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च सुमारे ७,१०० कोटी रुपये. या मार्गामुळे अजिंठा लेणी रेल्वेच्या जाळ्याला जोडली जातील, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढच्याच महिन्यात, २ सप्टेंबरला, मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा आणि १८,०३६ कोटींचा मार्ग मंजूर झाला. तो मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असा जाईल. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी जळगाव-मनमाड चौथी मार्गिका (१६० किमी) आणि भुसावळ-खंडवा तिसरी व चौथी मार्गिका (१३१ किमी) यांना हिरवा कंदील मिळाला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी वर्धा-भुसावळ दरम्यानच्या ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची भर पडली.

म्हणजे भुसावळच्या तिन्ही बाजूंनी रुळांची संख्या वाढणार आहे. मालगाड्यांना वेगळी वाट मिळेल, प्रवासी गाड्या वेळेवर धावतील, वेग वाढेल. हे सगळे चांगलेच आहे. फक्त वेग वाढतो तेव्हा थांबे घटतात, हे रेल्वेचे जुने गणित आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली नागपूर (अजनी)-पुणे वंदे भारत भुसावळ आणि जळगावला थांबते. पाचोरा, चाळीसगावला नाही. रेल्वेगावाचा संसार गाडी जाण्यावर चालत नाही, थांबण्यावर चालतो.

रेल्वे खान्देशात आली कशी?

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यानंतरची कथा तेवढी सांगितली जात नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, या कंपनीला मुंबईच्या बंदरापर्यंत आणायचा होता तो प्रामुख्याने कापूस. तो पिकत होता खान्देशात आणि वऱ्हाडात. मध्ये सह्याद्री आडवा होता. कसारा-इगतपुरीचा थळ घाट फोडून १८६५ मध्ये रेल्वे वर आली आणि गिरणेच्या खोऱ्यातून सपाट, काळ्या जमिनीवरून तिने तापीपर्यंत धाव घेतली.

काम ऐन भरात असताना दूर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिथल्या दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना. ब्रिटिश गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. भाव कडाडले. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली ती याच वर्षांत. युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा तिला फटकाही तेवढाच मोठा बसला. आज कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे पाहून ठरतो म्हणून खान्देशातला शेतकरी चिडतो. ही दोरी दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि ती रेल्वेच्या रुळांबरोबरच आली.

१८६७ मध्ये नागपूरला आणि १८७० मध्ये जबलपूरला ही रेल्वे पोहोचली. जबलपूरला अलाहाबादकडून आलेला मार्ग जोडला गेला आणि मुंबई-कलकत्ता असा सलग रेल्वेप्रवास शक्य झाला. जगभर त्याचा गाजावाजा झाला. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या ८० दिवसांत जगप्रदक्षिणा घालणाऱ्या नायकाची कल्पना याच मार्गाच्या बळावर उभी आहे. १८७२ मध्ये क्रमशः छापून आलेल्या त्या कादंबरीत नायकाची गाडी नाशिक ओलांडून खान्देशातून जाते आणि बऱ्हाणपूरला थांबते. भुसावळचा उल्लेख त्यात नाही, पण त्या वाटेने भुसावळ टाळून बऱ्हाणपूर गाठताच येत नाही! जगप्रसिद्ध प्रवाशानेही या गावाला खिडकीतूनच पाहिले म्हणायचे.

भुसावळच का मोठे झाले?

रेल्वे येण्याआधी भुसावळ हे तापीकाठचे एक लहान खेडे होते. मुंबईपासून साधारण ४४५ किलोमीटरवर, याच ठिकाणी मार्गाला दोन फाटे फुटले : एक तापी ओलांडून खंडवा-इटारसीकडे, दुसरा अकोला-नागपूरकडे. फाटा फुटतो तिथे गाड्यांची जोडणी-तोडणी होते. त्यासाठी यार्ड लागते, यार्डाला माणसे लागतात.

त्याहून मोठे कारण वाफेच्या इंजिनात आहे. वाफेचे इंजिन एका दमात मुंबईहून नागपूरला जाऊ शकत नव्हते. त्याला पाणी हवे, कोळसा हवा, राख झाडायला हवी, तपासणी हवी. चालक आणि आगवाला थकले की त्यांच्या जागी दुसरी जोडी हवी. तापीचे पाणी जवळ होते. मग शेड, कारखाना, कर्मचाऱ्यांच्या चाळी, गोऱ्या साहेबांचे बंगले, क्लब, चर्च, कब्रस्तान अशी एक वेगळीच वस्ती जुन्या गावाच्या शेजारी उभी राहिली. १९०१ च्या जनगणनेत भुसावळची लोकसंख्या १६ हजारांवर गेली होती. २०११ मध्ये ती १ लाख ८७ हजारांवर होती. लिंपस क्लब, पंधरा बंगला, आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ ही भुसावळमधली नावे ऐकली तरी हे गाव कोणी आणि कशासाठी वसवले ते कळते. कोळसा भट्टीत टाकणाऱ्या माणसाच्या नावाने चाळ असलेली गावे महाराष्ट्रात फार नाहीत.

या वस्तीत माणसे देशाच्या कानाकोपऱ्यातून आली. अँग्लो-इंडियन चालक, दक्षिणेकडचे कारकून, उत्तरेकडचे मजूर, मारवाडी-गुजराती व्यापारी, पारशी दुकानदार आणि आसपासच्या खेड्यांतले लेवा पाटीदार शेतकरी. भुसावळच्या बाजारात आजही लेवा गणबोली आणि रेल्वे कॉलनीतली हिंदी एकाच वाक्यात ऐकू येते.

१९६८-६९ मध्ये इगतपुरी-भुसावळ मार्गाचे विद्युतीकरण झाले. काही वर्षे तेही भुसावळच्या पथ्यावर पडले, कारण विजेच्या तारा इथेच संपत आणि पुढच्या प्रवासासाठी इंजिन बदलावे लागे. इंजिन बदलायला लागणाऱ्या वेळात प्रवासी खाली उतरत, भजी खात, केळी घेत. पुढे तारा नागपूर आणि इटारसीकडे सरकल्या आणि तो थांबा आखडला. इंजिनाला आता पाणी नको, कोळसा नको. विभागीय मुख्यालय, विद्युत इंजिनांची शेड व कारखाना आणि विभागीय रेल्वे प्रशिक्षण संस्था यांमुळे भुसावळचे रेल्वेपण टिकून आहे. आयुध निर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र ही त्याच पायावर नंतर चढलेली भर. पण गाडी थांबते म्हणून चालणारे जे गाव होते, ते हळूहळू आकसत गेले.

धुळे बाजूला का पडले?

इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश घेतल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव आखीवरेखीव वसवले गेले. रेल्वे मात्र मनमाडहून चाळीसगावकडे वळली आणि जिल्ह्याचे मुख्यालयच रुळांपासून पन्नासेक किलोमीटर दूर राहिले. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे हा सुमारे ५६ किलोमीटरचा फाटा झाला, पण फाट्याच्या टोकाचे गाव आणि मुख्य मार्गावरचे गाव यांत फरक पडतोच. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खान्देशचे मुख्यालय होण्याचा मान जळगावला मिळाला. पन्नास वर्षांपूर्वी ही शक्यता कोणाच्या मनातही आली नसती.

तापी खोऱ्यातून सुरतकडे जाणारा मार्गही त्याच सुमारास झाला आणि अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार रुळांवर आले. अमळनेरला कापूस आणि तेलबियांचा व्यापार वाढला. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढण्यासाठी स्थापन झालेली कंपनी म्हणजेच आजची विप्रो. धुळे मात्र ‘शेवटचे स्थानक’च राहिले. मनमाड-इंदूर मार्ग आणि बोरविहीर-नरडाणा जोडणी पूर्ण झाली, तर सव्वाशे वर्षांनी धुळ्यातून गाडी पहिल्यांदा आरपार जाईल. नरडाणा मार्गाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले होते. मनमाड-इंदूरसाठी २०२८-२९ ही मुदत जाहीर झाली आहे. भूसंपादनाचा आजवरचा अनुभव पाहता धुळेकर तारखांवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

‘पीजे’चे काय झाले?

पाचोरा-जामनेर हा फाटाही ५६ किलोमीटरचाच. पण रूळ अरुंद : दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पहिले महायुद्ध संपता संपता ही गाडी सुरू झाली आणि लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘पीजे’ झाले. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी स्थानके घेत ती जामनेरला पोहोचे. आधी वाफेचे इंजिन, नंतर डिझेल. वेग एवढाच की सायकलवाल्याने शर्यत लावावी. पण एसटीपेक्षा भाडे कितीतरी कमी. दूधवाले, भाजीवाल्या बाया, शाळा-महाविद्यालयातली मुले, पाचोऱ्याला मुंबईची गाडी पकडायला निघालेली कुटुंबे हे तिचे प्रवासी. ‘खान्देशचे पंढरपूर’ म्हणवणाऱ्या शेंदुर्णीच्या त्रिविक्रम मंदिराकडे जाणारे भाविकही तिनेच जात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशातल्या सगळ्याच प्रवासी गाड्या थांबल्या. बाकीच्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, पीजे झाली नाही. गाडी सुरू करा म्हणून पाचोरा आणि जामनेर तालुक्यांत आंदोलने झाली. उत्तर आले ते ब्रॉडगेजचे : पाचोरा-जामनेर रुंदीकरण आणि पुढे बोदवडपर्यंत विस्तार, एकूण ८४ किलोमीटर. बोदवड हे भुसावळ-नागपूर मार्गावरचे स्थानक असल्याने हा फाटा आंधळा न राहता दोन्हीकडे जोडला जाईल.

रुंदीकरण हवेच, यात वाद नाही. बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण समोर आहे. मिरज-लातूरची ती छोटी गाडीही लोकांना प्रिय होती. रुंदीकरण टप्प्याटप्प्याने पुरे झाले आणि लातूर, बार्शी, पंढरपूर थेट मुंबईशी जोडले गेले. जुन्या गाडीसाठी हळहळणाऱ्यांनीही नव्या गाडीचे तिकीट काढले. जामनेरच्या कापूस आणि केळी उत्पादकालाही तेच हवे आहे.

प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. जुनी गाडी बंद झाली तेव्हा नवी तयार नव्हती. २०२० मध्ये आठवीत असलेला शेंदुर्णीचा मुलगा आज पदवीपर्यंत पोहोचला असेल आणि या सगळ्या काळात त्याने एसटीचे किंवा काळी-पिवळीचे भाडे भरले. हा खर्च कोणत्याही प्रकल्प अहवालात दिसत नाही. धुळे फाट्याचे नेमके उलटे झाले. तिथे विद्युतीकरण झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये चाळीसगाव-धुळे मेमू धावू लागली. दोन फाटे, लांबी सारखीच, टाळेबंदीही एकच. फरक रुळांच्या रुंदीचा.

दुसरा प्रश्न वारशाचा. पहूर स्थानकापासून अजिंठा लेणी सुमारे पंचवीस किलोमीटरवर. लेण्यांना सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक शंभर वर्षे पहूरच होते. आता ‘अजिंठा प्रथमच रेल्वेने जोडणार’ असे मथळे येतात तेव्हा पहूरकरांना हसू येत असेल. रुंदीकरणात जुने रूळ, छोटे पूल, स्थानकांच्या बुटक्या इमारती यांतले काय ठेवायचे आणि काय भंगारात काढायचे, याचा निर्णय आताच होऊ शकतो. एकदा लिलाव झाला की संपले.

उतरून पाहण्यासारखे आहे तरी काय?

पुष्कळ आहे, पण पाट्या नाहीत. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठा लेणी पडली. तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास लष्करातल्या गिलकडे सोपवले. तो आला आणि इथलाच झाला. वर्षानुवर्षे रंगवलेली त्याची बहुतेक मोठी चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना १८६६ च्या आगीत जळाली. त्याने पुन्हा ब्रश हाती घेतला. कॅमेराही चालवला, अजिंठा-वेरूळची अगदी सुरुवातीची छायाचित्रे त्याचीच. एप्रिल १८७९ मध्ये आजारी गिलला उपचारांसाठी भुसावळकडे नेले जात असताना त्याचा मृत्यू झाला.

गिल आणि पारो यांची कथा ना. धों. महानोर यांच्या काव्यातून आणि त्यावरच्या २०१२ च्या मराठी चित्रपटातून घरोघरी पोहोचली. पारोची समाधी अजिंठा गावात आहे. ती पाहणारे पुष्कळ; तिच्या चित्रकाराची कबर भुसावळ जंक्शनच्या गावात आहे हे ठाऊक असणारे थोडे. जळगावला उतरून अजिंठ्याला जाणारा परदेशी पर्यटक तर अवघ्या पंचवीस किलोमीटरवरून निघून जातो.

चाळीसगावला स्थानकाजवळच कलामहर्षी केकी मूस यांचे घर आहे. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेला हा पारशी चित्रकार-छायाचित्रकार इंग्लंडमध्ये कला शिकून परतला आणि चाळीसगावच्या दगडी घरात त्याने स्वतःला जवळजवळ कोंडून घेतले. जवळपास पन्नास वर्षांत फार थोड्या वेळा त्यांनी उंबरठा ओलांडला. १९८९ च्या शेवटच्या दिवशी ते गेले. घरातल्या टेबलावर वस्तू मांडून, दिव्याच्या उजेडात काढलेली त्यांची ‘टेबल टॉप’ छायाचित्रे पाहताना तो डोंगर, तो बर्फ, तो समुद्र खरा नाही हे पटत नाही. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते : मुंबईत निरोप घेताना प्रेयसीने पंजाब मेलने चाळीसगावला येण्याचे वचन दिले होते, म्हणून दररोज ती गाडी येऊन जाईपर्यंत ते दार उघडे ठेवत. गोष्टीत तथ्य किती आणि दंतकथा किती, याचा शोध ज्याने त्याने घ्यावा. पण गाडीच्या थांब्याशी इतके जोडलेले दुसरे स्मारक महाराष्ट्रात सापडणे अवघड. पंजाब मेलही १९१२ चीच, त्यांच्याच वयाची. चाळीसगावहून पुढे पाटणादेवीचा डोंगर आहे. तिथला यादवकालीन शिलालेख गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाची माहिती देतो.

भुसावळ-खंडवा मार्गावर सावदा स्थानक लागते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले तेव्हा देशभरातले प्रतिनिधी याच स्थानकावर उतरले. आज सावदा आणि रावेर ओळखले जातात ते केळीमुळे. इथून केळी डब्यांत भरून थेट दिल्लीकडे जाते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचा हा प्रवास पाहणे हेही पर्यटनच आहे. शिवाय बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, हिवाळ्यात शेतावरची भरीत पार्टी. खान्देशाला पाहुणा जेवू घालायला कोणी शिकवण्याची गरज नाही.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते आहेत आणि १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली ते कारागृह आहे. ती प्रवचने लिहून घेणारे साने गुरुजी याच परिसरातल्या अमळनेरचे शिक्षक.

इतरांनी काय केले?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातले ड्युरँगो हे गाव १८८० मध्ये एका रेल्वे कंपनीने वसवले. तिथून सिल्व्हरटनच्या चांदीच्या खाणींपर्यंत ७२ किलोमीटरचा अरुंद मार्ग १८८२ मध्ये झाला. खाणी मंदावल्या, मालवाहतूक संपली, तेव्हा मार्ग उखडण्याऐवजी तो पर्यटकांसाठी राखला गेला. वाफेची गाडी आजही धावते आणि दोन्ही गावांची हॉटेले, दुकाने तिच्यावर चालतात. पण ड्युरँगोला डोंगरदऱ्यांचा देखावा आहे. पाचोरा-जामनेरच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका आहे. तीच युक्ती इथे जशीच्या तशी चालेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

घराजवळचे उदाहरण माथेरानचे. १९०७ ची ही मिनी ट्रेन २०१९ च्या अतिवृष्टीत बंद पडली, पण रेल्वेने खर्च करून ऑक्टोबर २०२२ मध्ये ती नेरळपासून पुन्हा सुरू केली. माथेरानला मुंबईचा पर्यटक आहे म्हणून ते जमले. पीजेचे पूर्ण पुनरुज्जीवन कोणी मागत असेल तर आकडे त्याच्या बाजूने नाहीत. मात्र पहूर ते शेंदुर्णीसारखा एखादा छोटा टप्पा, एखादे इंजिन-डबा आणि एक स्थानक इमारत राखणे, आणि त्याची सांगड अजिंठ्याच्या पर्यटकाशी घालणे, एवढे तरी व्यवहारात बसणारे आहे.

मग अडते कुठे?

मालकी विखुरलेली आहे. रूळ, चाळी, बंगले रेल्वेचे. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची. रस्ते आणि पाट्या नगरपालिका किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या. कब्रस्तान चर्चच्या आणि स्थानिक समाजाच्या देखरेखीत. मूस यांच्यासारखे संग्रह विश्वस्तांच्या हाती. यांतल्या कोणालाही एकट्याने काही अडवायचे नाही, पण एकट्याने काही करताही येत नाही. अमृत भारत योजनेत धुळे आणि सावदा स्थानकांचे नूतनीकरण होऊन २२ मे २०२५ रोजी लोकार्पण झाले. चाळीसगावचेही काम या योजनेत आहे. नवे प्रवेशद्वार, प्रतीक्षालय, सरकते जिने यांवर खर्च होतो. त्याच आराखड्यात स्थानकाबाहेर ‘इथून काय पाहाल’ हे सांगणारा एक मोठा फलक आणि सकाळच्या गाडीच्या वेळेला जुळणारी एक एसटी बसवायला वेगळी मंजुरी लागू नये.

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. त्या दिवशी जळगावात अडकलेल्या पर्यटकाला हॉटेलवाला आजही दूरदर्शन पाहायला सांगतो. भुसावळ तिथून रेल्वेने अर्ध्या तासावर, चाळीसगाव दीड तासाच्या आत.